परवलीचा एक शब्द कीं ज्याची त्याची मुद्रा?

वाड्याच्या दिंडीदरवाजाला एकच कुलूप असावें आणि त्याची किल्ली घरांतल्या वीस माणसांनीं, चार भाडेकऱ्यांनीं, दूधवाल्यानें व वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलानें आपापल्या खिशांत बाळगावी, अशी व्यवस्था कोणी शहाणा गृहस्थ करील काय? वाचक म्हणतील, छे, असा वेडेपणा कोण करतो! परंतु ज्या ज्या शाळेंत, दवाखान्यांत वा वाचनालयांत बिनतारी इंटरनेट, ज्याला सर्वजण वाय-फाय म्हणतात, तें आलेलें आहे, त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं नेमकी हीच व्यवस्था चालूं आहे. परवलीचा शब्द एकच. तो सर्वांना ठाऊक. आणि ज्याला ठाऊक तो घरचा. आम्हींही हा वेडेपणा केला आहे, आणि त्याचें प्रायश्चित्त आम्हांस नव्हे, तर एका मुलास घ्यावें लागलें. त्या गोष्टीमुळेंच, या विषयाचा कांहीं एक अधिकार नसतां, आज आम्हीं लेखणी उचलली आहे.

आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों व तेंच शिकविण्यांत सारा जन्म गेला. यंत्रांची विद्या आमची नव्हे. येथें जें सांगत आहों, तें आमच्या पुतणीनें आम्हांस दोन सुट्ट्यांत शिकविलें. ती पुण्यास एका कंपनींत याच कामावर आहे. कोठें चूक आढळल्यास ती शिष्याची समजावी, गुरूची नव्हे.

एका शब्दाचा प्रताप

सेवानिवृत्तीनंतर आम्ही आमच्या गांवांतील एका संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहों. संस्थेचें वाचनालय आहे व त्याला लागूनच अभ्यासिका आहे. परीक्षांना बसणारीं मुलें तेथें पहाटेपासून रात्रीं अकरापर्यंत बसतात. तीन वर्षांपूर्वीं एका देणगीदाराच्या कृपेनें तेथें वाय-फाय आलें. परवलीचा शब्द कोणता ठेवावा अशी चर्चा निघाली, तेव्हां संस्थेचें नांव व त्यापुढें स्थापनेचें वर्ष जोडावें, ही सूचना आमचीच. सोपा, लक्षांत राहणारा आणि संस्थेचा अभिमान वाढविणारा शब्द! ग्रंथपालांनीं तो एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून आपल्या टेबलामागें लटकविला. दोन महिन्यांत तो साऱ्या आळीला पाठ झाला. संध्याकाळीं संस्थेच्या भिंतीला टेकून दहापांच मुलें मोबाइल पाहत उभीं राहूं लागलीं, तेव्हां आम्हांस वाटलें, वाचनालयाची लोकप्रियता वाढत आहे!

पुढें एके दिवशीं गांवांतील एका शिक्षिकाबाईंना निनावी ई-पत्र आलें. त्यांतील मजकूर येथें लिहिण्यासारखा नाहीं. बाईंच्या यजमानांनीं रीतसर तक्रार केली. चौकशींत एवढेंच निष्पन्न झालें, कीं तें पत्र आमच्या संस्थेच्या जोडणीवरून रात्रीं दहाच्या सुमारास गेलें. तेथें धागा तुटला. कारण त्या वेळीं आंत असलेले सारेजण यंत्राच्या दृष्टीनें सारखेच होते. सर्वांनीं एकच शब्द उच्चारला होता.

धागा तुटला म्हणजे माणसें थांबतात असें नाहीं. जेथें पुरावा संपतो तेथें तर्क सुरू होतो. रात्रीं दहा वाजतां अभ्यासिकेंत नेमानें बसणारा एक मुलगा होता. दिवसा दुकानांत काम करी, रात्रीं अभ्यास करी आणि जातांना दिवे मालवून किल्ली ग्रंथपालांच्या घरीं पोंचती करी. त्याचा त्या बाईंशीं शाळेंत असतांना कांहीं खटका उडाला होता, असें कोणास तरी आठवलें. मंडळाच्या सभेंत ठरलें, कीं प्रकरण निवळेपर्यंत त्यानें येऊं नये. ठराव कोणीं मांडला हें सांगण्यांत अर्थ नाहीं. आम्ही सभेस हजर होतों व आम्हीं मौन धरलें, एवढें सांगणें मात्र भाग आहे.

दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आमच्या घरीं आला. तो रडला नाहीं, भांडला नाहीं. एवढेंच म्हणाला, "सर, मीं तें केलेलें नाहीं. पण तें मी दाखवूं कशानें?" छत्तीस वर्षें आम्ही मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देत आलों, या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें तो दुसऱ्या गांवीं निघून गेला. पत्र कोणीं पाठविलें, तें आजतागायत कळलेलें नाहीं.

अभ्यागत, द्वारपाल आणि कर्ता

त्या वर्षीं दिवाळीस पुतणी घरीं आली. फराळाचें ताट पुढें ठेवून आम्हीं तिला सारी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "काका, तुमचें कुलूप वाईट नव्हतें. किल्ली एकच होती, हें वाईट."

तिच्या सांगण्याचा सारांश असा. बिनतारी जाळ्याचा पहिला नियम १९९७ सालीं ठरला, तेव्हां त्यांत 'वेप' नांवाचें कुलूप होतें. २००१ सालीं फ्लुरर, मँटिन व शमीर या तिघांनीं त्यांतील गणिती दोष उघडकीस आणला आणि पुढें तें कुलूप कांहीं मिनिटांत उघडूं लागलें. म्हणून २००३ सालीं डब्ल्यूपीए, २००४ सालीं डब्ल्यूपीए २ व २०१८ सालीं डब्ल्यूपीए ३ अशीं उत्तरोत्तर मजबूत कुलुपें आलीं. या प्रत्येकाचे दोन प्रकार आहेत. एक घरगुती, त्याला 'पर्सनल' म्हणतात. त्यांत सर्वांना मिळून एकच शब्द. दुसरा संस्थांसाठीं, त्याला 'एंटरप्राइज' म्हणतात. त्यांत प्रत्येकास आपलें नांव व आपली स्वतंत्र खूण. या दुसऱ्या प्रकाराच्या मुळाशीं '८०२.१ एक्स' नांवाचा नियम आहे व तो २००१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. आम्हीं अजाणतेपणीं पहिला प्रकार घेतला होता. यंत्रांत दुसराही होता. केवळ कोणीं तो उघडून पाहिला नव्हता.

या दुसऱ्या प्रकारांत तीन पात्रें असतात. पहिला अभ्यागत, म्हणजे आपला मोबाइल किंवा संगणक. दुसरा द्वारपाल, म्हणजे भिंतीवर लावलेला ॲक्सेस पॉइंट. तिसरा घरचा कर्ता, म्हणजे आंतल्या खोलींत बसलेला सर्व्हर. त्याच्याजवळ सर्वांच्या नांवांची वही असते. अभ्यागत दाराशीं आला कीं द्वारपाल त्याला विचारतो, "आपण कोण?" उत्तर आलें म्हणजे तो स्वतः कांहीं निर्णय घेत नाहीं. तें उत्तर जसेंच्या तसें कर्त्याकडे नेतो, कर्त्याचा प्रश्न अभ्यागताकडे आणतो, आणि असे दहापांच हेलपाटे घालतो. निकाल लागेपर्यंत तो या एका संभाषणाखेरीज दुसरें कांहींही दारांतून आंत जाऊं देत नाहीं. शेवटीं कर्ता "येऊं द्या" किंवा "नको" म्हणतो, आणि द्वारपाल त्याप्रमाणें दार उघडतो वा लावून घेतो.

कर्ता व द्वारपाल यांच्यामधील बोलण्याची जी रीत, तिला 'रेडियस' म्हणतात. ती वाय-फायहून जुनी आहे. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडले जात, त्या काळांत, १९९१ सालीं, अमेरिकेंत लिव्हिंग्स्टन नांवाच्या कंपनीनें ती तयार केली. दूरध्वनि फिरवून येणाऱ्या पाहुण्यांसाठीं केलेली रीत पुढें बिनतारी पाहुण्यांसही उपयोगीं पडली.

यांतील मौज अशी, कीं द्वारपालाला कोणाचेंही गुपित कळत नाहीं. नवीन द्वारपाल ठेवला, जुना काढला किंवा एखादा चोरीस गेला, तरी त्याच्याबरोबर माणसांची वही जात नाहीं. शिवाय दार उघडतांना कर्ता त्या एका अभ्यागतापुरती, त्या एका बैठकीपुरती ताजी किल्ली घडवून द्वारपालाच्या हातीं देतो. शेजारच्या खुर्चीवरील माणसाची किल्ली निराळी. डब्ल्यूपीए २ च्या सामाईक शब्दाच्या पद्धतींत असें नसतें. तेथें ज्याला शब्द ठाऊक आहे, त्यानें शेजाऱ्याच्या जोडणीचा आरंभ टिपून ठेवला, तर पुढील बिनतारी बोलणें त्यास उलगडतां येतें. संकेतस्थळांचीं आपलीं स्वतंत्र कुलुपें असतात म्हणून सारेंच उघडें पडत नाहीं, एवढेंच समाधान.

पंचवटींतला भिक्षु

इतकें ऐकून आम्हांस वाटलें, झालें, विषय समजला. पुतणी म्हणाली, "अर्धाच समजला, काका. पाहुण्याची ओळख घरानें पटवून घेतली. घराची ओळख पाहुण्यानें कशी पटवावयाची?"

हा प्रश्न आमच्या मनांत आलाच नव्हता. वाय-फायचें दार डोळ्यांना दिसत नाहीं. मोबाइलला दिसतें तें केवळ त्याचें नांव. आणि नांव काय, कोणीही लावावें. एखादा भामटा संस्थेच्या समोरच्या चहाच्या दुकानांत बसून आपल्या यंत्रास संस्थेचेंच नांव देऊं शकतो. त्याचा आवाज मोठा असला तर मोबाइल त्याच्याकडेच वळतो, आणि आपण भोळेपणानें आपलें नांव व खूण त्याच्या हातीं देऊन मोकळे होतों.

येथें मात्र आमचें संस्कृत जागें झालें. पंचवटींत सीतादेवीच्या दाराशीं रावण आला तो भिक्षूच्या वेषानें. वेष पाहून तिनें अतिथि मानला, आणि पुढें काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. म्हणूनच अशोकवनांत मारुति आला तेव्हां तिनें एकदम विश्वास टाकला नाहीं. हाही रावणच नसेल कशावरून, अशी शंका तिला आली. मारुतीनें प्रथम रामचंद्रांचीं अंगलक्षणें सांगितलीं, मग नांव कोरलेली अंगठी पुढें ठेवली. आणि मग सीतेनेंही उलट खूण दिली. चूडामणि दिला, शिवाय चित्रकूटावरील कावळ्याची हकीकत सांगितली. ती हकीकत तिच्यावांचून व रामावांचून कोणास ठाऊक नव्हती. खूण दोन्ही बाजूंनीं पटली, तेव्हां तें दौत्य पुरें झालें. पुतणीस हें सांगतांच ती टाळी देऊन म्हणाली, "काका, आमच्या पुस्तकांत हीच गोष्ट शंभर पानांत सांगितली आहे!"

या पद्धतींत अंगठीचें काम सर्व्हरचें प्रमाणपत्र करतें. त्यावर सर्व्हरचें नांव असतें व एका प्रमाणक-संस्थेची मुद्रा असते. मोबाइलनें प्रथम पाहावयाचें तें हें, कीं मुद्रा आपण ज्या प्रमाणकावर विश्वास ठेवतों त्याचीच आहे काय, आणि नांव आपल्याच सर्व्हरचें आहे काय. दोन्ही जुळलीं तरच तो सर्व्हरबरोबर एक बंद बोगदा तयार करतो व त्या बोगद्यांतून आपला परवलीचा शब्द पाठवितो. द्वारपालालाही त्यांतलें कांहीं ऐकूं येत नाहीं.

ही तपासणी गाळली तर सारी इमारत वाळूवर उभी राहते. बोगद्यांतील देवघेव बहुधा 'एमएस-चॅप २' नांवाच्या जुन्या रीतीनें होते. २०१२ सालीं मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनीं दाखवून दिलें, कीं ती देवघेव कोणाच्या हातीं लागली तर एका दिवसाच्या आंत ती फोडतां येते. म्हणजे बोगदा रावणाच्या दाराशीं निघाला, तर आंतील बोलणें सुरक्षित राहिलें असें समजूं नये. असें असतां पुष्कळ मोबाइलांत वर्षानुवर्षें 'प्रमाणपत्र तपासूं नये' असा एक सोयीचा पर्याय असे, आणि घाईंतलीं माणसें तोच निवडीत. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांतून २०२० च्या अखेरीपासून तो पर्याय काढण्यास आरंभ झाला, हें फार चांगलें झालें.

याहूनही बळकट रीत आहे. तींत परवलीचा शब्द मुळींच नाहीं. सर्व्हरप्रमाणें मोबाइलजवळही स्वतःचें प्रमाणपत्र असतें व दोघे एकमेकांच्या मुद्रा पाहतात. तिला 'ईएपी-टीएलएस' म्हणतात. लोकांनीं चोरावा असा शब्दच नसल्यामुळें ती सर्वांत उत्तम. परंतु तिलाही एक पथ्य आहे, आणि तें विशाखदत्तानें 'मुद्राराक्षस' नाटकांत केव्हांच दाखविलें आहे. अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हातीं लागली आणि तिच्या ठशानें त्यानें राक्षसाच्याच नांवचें पत्र तयार केलें. मुद्रा खरी, पत्र खोटें! म्हणून मोबाइल हरवला कीं त्याच दिवशीं कळवावें व त्याचें प्रमाणपत्र रद्द करवून घ्यावें. इतरांस कांहीं बदलावें लागत नाहीं, हा या पद्धतीचा मोठा गुण.

प्रत्यक्ष मांडणी

मंडळापुढें आम्हीं हा विषय मांडला. खर्च किती, हा पहिला प्रश्न आला. उत्तर सोपें होतें. संस्थेंत एक जुना संगणक पडून होता. त्यावर 'फ्री-रेडियस' नांवाची विनामूल्य प्रणाली घालतां येते. १९९९ पासून ती लोकांच्या सहकार्यानें वाढत आली आहे. भिंतीवरील चार ॲक्सेस पॉइंट हे काम करूं शकणारे होतेच. प्रश्न पैशाचा नव्हताच, प्रश्न काळजीचा होता. उन्हाळ्याच्या सुटींत पुतणी आठ दिवस आली व तिनें आमच्याकडून एकेक काम करवून घेतलें.

पहिलें काम वहीचें. वाचनालयाचे सभासद, अभ्यासिकेंतील मुलें व नोकरवर्ग यांची यादी केली व प्रत्येकास आपलें खातें दिलें. नांव ज्याचें त्याचें. परवलीचा शब्द ज्यानें त्यानें स्वतः बसून घालावयाचा. ग्रंथपाल म्हणाले, "सर्वांचे शब्द मी एका वहींत टिपून ठेवतों, विसरले तर सांगतां येतील." पुतणीनें त्यांस हात जोडले!

दुसरें काम कर्ता व द्वारपाल यांच्या आपसांतील गुपिताचें. हें गुपित माणसांसाठीं नव्हे; यंत्रानें यंत्रास ओळखण्यासाठीं आहे. प्रणालीबरोबर नमुन्यादाखल 'टेस्टिंग १२३' असें गुपित येतें व तें साऱ्या जगास ठाऊक आहे. तें तसेंच ठेवणाऱ्या संस्था कमी नाहींत, असें पुतणी म्हणाली. आम्हीं चारही द्वारपालांस चार निरनिराळीं, लांबलचक व अर्थहीन गुपितें दिलीं. संस्थेच्या नांवाचा व स्थापनेच्या वर्षाचा मोह या खेपेस आम्हीं आवरला.

तिसरें काम प्रमाणपत्राचें. संस्थेचा स्वतःचा प्रमाणक तयार केला, त्याच्या मुद्रेनें सर्व्हरचें प्रमाणपत्र केलें, आणि प्रमाणकाची गुप्त किल्ली एका पेन ड्राइव्हवर घालून संस्थेच्या लोखंडी कपाटांत, दस्तऐवजांच्या पेटींत ठेवली. ती सर्व्हरवर ठेवूं नये. मुद्रा करणारी अंगठी रोज बोटांत घालून बाजारांत हिंडूं नये, हा व्यवहार जुनाच आहे.

चौथें काम द्वारपालांचें. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटमध्यें 'पर्सनल' काढून 'एंटरप्राइज' निवडलें, सर्व्हरचा पत्ता दिला, ओळखीसाठीं १८१२ व नोंदीसाठीं १८१३ हीं दोन द्वारें सांगितलीं. मग जागेची वांटणी केली. घरांत जशी ओसरी, माजघर व देवघर यांची मर्यादा असते, तशी जाळ्यांतही ठेवतां येते. तिला 'व्हीलॅन' म्हणतात. सभासद ओळख देऊन ओसरीवर बसतो, ग्रंथपालांचा संगणक माजघरांत जातो, आणि हिशेबाचा संगणक देवघरांत. कोणास कोठें बसवावें, हें दार उघडतांनाच कर्ता सांगतो. आमचा छापयंत्राचा प्रिंटर जुना; त्याला ही नवी भाषा येत नव्हती. त्याला वेगळ्या पडवींत ठेवला, जेथून त्याला आंतलें कांहीं दिसणार नाहीं.

पांचवें व सर्वांत नाजूक काम माणसांच्या मोबाइलांचें. येथें आम्हांकडून एक प्रमाद घडला. पुतणीनें सर्वांसाठीं एक मांडणीची फाइल तयार केली होती. ती मोबाइलांत घातली म्हणजे प्रमाणक कोणता, सर्व्हरचें नांव काय, हें आपोआप भरलें जातें. आम्ही गुरुजी! आम्हांस फाइल कशाला? आम्हीं हातानेंच सारें भरावयास घेतलें. पडद्यावर प्रमाणपत्राविषयीं कांहीं इंग्रजी मजकूर आला, आणि तो न वाचतां आम्हीं "होय, होय" करीत पुढें गेलों. जोडणी झाली. आम्हीं विजयी मुद्रेनें मोबाइल पुढें केला. पुतणी शांतपणें म्हणाली, "काका, भिक्षूला आंत घेतलात." तिनें शेजारच्या टेबलावर, त्याच नांवाचें आपलें यंत्र मांडून ठेवलें होतें! आमचा मोबाइल त्याच्या गळ्यांत पडला होता. रामायणाची उपमा आम्हीं दिलेली, आणि पहिले फसलों आम्हीच. त्या दिवसापासून आम्ही सर्वांस सांगतों, कीं फाइल घाला, हातानें भरूं नका; आणि प्रमाणपत्राबद्दल प्रश्न आला तर "होय" म्हणण्यापूर्वीं थांबा.

आणखी एक फजिती सांगून हें प्रकरण संपवितों. पुतणी परत गेल्यावर कांहीं आठवड्यांनीं, एका सोमवारीं सकाळीं, एकालाही आंत जातां येईना. मुलें ओरडूं लागलीं, मंडळींचे दूरध्वनि येऊं लागले, "आधींचेंच बरें होतें," असा सूर निघाला. कारण असें निघालें, कीं चांचणीसाठीं केलेलें अल्प मुदतीचें प्रमाणपत्र आम्हीं बदलावयाचें राहून गेलें होतें. मुदत संपलेली मुद्रा मोबाइलांनीं नाकारली, म्हणजे त्यांनीं आपलें कर्तव्यच केलें! दोष आमचा. आतां पुढील प्रमाणपत्राची तारीख भिंतीवरच्या पंचांगांत, एकादशी-चतुर्थीच्या शेजारीं, तांबड्या शाईनें लिहिली आहे आणि तिच्या आधीं एक महिना एक खूण केली आहे. सर्व्हरचें घड्याळही बरोबर आहे ना, हें त्याच वेळीं पाहतों. कारण घड्याळ चुकलें तर चांगलें प्रमाणपत्रही कालबाह्य ठरतें.

नाशिकचे उपाध्ये आणि एड्युरोम

आमचें जाळें एका इमारतीचें. परंतु याच रीतीवर पृथ्वीभर पसरलेलें एक जाळें चालतें, त्याची माहिती परदेशीं मुलें असलेल्या घरांस विशेष उपयोगी पडेल. त्याचें नांव 'एड्युरोम'. शिक्षण व भ्रमण या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची ती संधि आहे. नेदरलँड्समधील सर्फनेट या संस्थेंतील क्लास वीरेंगा यांनीं २००२ सालीं ही कल्पना मांडली व २००३ सालीं युरोपांतील कांहीं देशांत तिचा प्रयोग झाला. आज शंभराहून अधिक देशांत तें पसरलें आहे, आणि भारतांत त्याची व्यवस्था अर्नेट इंडिया ही संस्था पाहते.

याची युक्ति आमच्या वाचकांस नवी वाटूं नये. नाशिक-त्र्यंबकेश्वरास आपण गेलों म्हणजे उपाध्ये प्रथम विचारतात, "आडनांव काय? मूळ गांव कोणतें?" तेवढें सांगितलें कीं ते आपल्याच घराण्याच्या क्षेत्रोपाध्यायाकडे नेऊन सोडतात, आणि तो वही काढून आपल्या पणजोबांची सही दाखवितो. भेटलेल्या पहिल्या उपाध्यायास आपली वंशावळ ठाऊक नसते. कोणाकडे पाठवावें हें त्यास ठाऊक असतें. एड्युरोममध्यें तसेंच आहे. विद्यार्थ्याच्या नांवापुढें '@' ही खूण असते व तिच्यापुढें त्याच्या विद्यापीठाचें नांव. तें जणूं त्याचें मूळ गांव. एड्युरोममध्यें सामील असलेल्या भारतांतील विद्यापीठाचा विद्यार्थी हॉलंडमधील विद्यापीठांत उतरला, कीं तेथील सर्व्हर '@' पुढील नांव पाहतो व प्रश्न वरच्या सर्व्हरकडे पाठवितो. तो भारताच्या सर्व्हरकडे, आणि भारताचा त्या विद्यापीठाकडे. मायघर "हा आमचा" म्हणून उत्तर देतें, आणि हॉलंडमधील दार उघडतें. परवलीचा शब्द वाटेंत कोणासही कळत नाहीं, कारण बोगदा थेट मायघरापर्यंत गेलेला असतो. अर्थात् येथेंही मुलानें आपल्या विद्यापीठाचें प्रमाणपत्र तपासण्याची व्यवस्था मोबाइलांत आधींच केलेली असली पाहिजे. तीं कामें घरून निघण्यापूर्वीं करावीं. परक्या विमानतळावर नव्हे.

वहीची मर्यादा

ज्याची त्याची खूण आली म्हणजे नोंद आली. कोण केव्हां आंत आला, कोणत्या यंत्रानें आला, केव्हां गेला, हें आतां सर्व्हरच्या वहींत राहतें. मंडळांतील एक गृहस्थ आनंदानें म्हणाले, "आतां कोण काय वाचतो तेंही पाहतां येईल!" आम्हीं त्यास तीव्र विरोध केला, आणि या खेपेस मौन धरलें नाहीं. दारावरची नोंद निराळी व खांद्यावरून डोकावणें निराळें. वाचनालयाचा पाया वाचकाच्या मनमोकळेपणावर आहे. शेवटीं ठराव झाला तो असा, कीं नोंद केवळ येण्याजाण्याची ठेवावी. रीतसर तक्रार आल्याखेरीज ती उघडूं नये. उघडतांना दोन पदाधिकारी हजर असावेत व कारण लिहावें. आणि ठरलेली मुदत संपतांच ती पुसावी. वही निरपराध्याच्या रक्षणासाठीं आहे. ती पाळत ठेवण्याचें साधन झाली, तर एका अन्यायाच्या जागीं दुसरा येईल.

आपल्या घरासाठीं

आतां आमच्या भगिनीवर्गानें विचारलेला प्रश्न: घरांतही हें सारें करावयाचें काय? नाहीं. पंधरा माणसांच्या कुटुंबालाही सर्व्हर मांडून बसण्याचें कारण नाहीं. घरांत डब्ल्यूपीए ३ असेल तर तें निवडावें. परवलीचा शब्द लांब ठेवावा, चारपांच असंबद्ध शब्दांचा. आणि पाहुण्यांसाठीं बहुतेक राउटरांत जें वेगळें जाळें करतां येतें, तें करावें. परंतु आपल्या घरांतील कोणी शाळेच्या, दवाखान्याच्या, गृहनिर्माण संस्थेच्या वा कार्यालयाच्या कारभारांत असेल, तर त्यानें तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आपल्याकडे सर्वांस एकच शब्द आहे काय? नसल्यास, आंत येणारा मोबाइल सर्व्हरचें प्रमाणपत्र खरोखर तपासतो काय? आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचें खातें त्याच दिवशीं बंद होतें काय? तिन्ही उत्तरें नीट मिळालीं, तर कारभार शहाण्या माणसांच्या हातीं आहे असें समजावें.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या दिवशीं आम्हीं त्या मुलाचा पत्ता मिळविला व त्यास पत्र लिहिलें. त्या सभेंत आम्ही गप्प बसलों ही आमची चूक होती. त्याच्यावर संशय घेण्यास कांहीं आधार नव्हता. आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें, आतां ठाऊक आहे, असें त्यांत होतें. संशय घेतल्याचा ठराव मंडळानेंही मागें घेतला, त्याची नक्कल सोबत जोडली. दोन आठवड्यांनीं उत्तर आलें. तो एका तालुक्याच्या गांवीं नोकरीस आहे व परीक्षेचा अभ्यास सोडलेला नाहीं. आमच्या क्षमायाचनेविषयीं त्यानें एक अक्षर लिहिलें नाहीं, शेवटीं एवढेंच होतें: "माझ्या नांवाचें खातें असूं द्यावें. मे महिन्यांत सुटी घेऊन पंधरा दिवस अभ्यासिकेंत बसावयास येईन."

खातें उघडून ठेवलें आहे. परवलीचा शब्द तो आल्यावर स्वतःच घालील; तो आम्हांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. एवढें सांगून वाचकांची रजा घेतों.